जळणे आणि जाळणे : 'बर्निंग'च्या निमित्ताने

१

मराठीने मत्सरासाठी अग्नीचे क्रियापद निवडले आहे. 'तो भावावर जळतो' या वाक्यात पेट घेतो तो कर्ता. ज्याच्या भाग्यामुळे ही आग लागली त्या भावाला तिची धगही पोचत नाही. जळफळाट, पोटात आग पडणे हे प्रयोगही त्याच जातीचे. संस्कृतातून आलेल्या 'असूया'त दुसऱ्याच्या गुणांवर दोष लादण्याची क्रिया आहे, म्हणजे तिची नजर बाहेर वळलेली आहे. 'जळणे' मात्र पूर्णपणे आतल्या आत घडते. व्याकरणाच्या भाषेत ते अकर्मक आहे. त्याचे सकर्मक रूप 'जाळणे'. दोहोंमध्ये केवळ एका कान्याचे अंतर आहे. पण त्या कान्याच्या अलीकडे मनोव्यापार आहे आणि पलीकडे गुन्हा. अकर्मकाचे सकर्मक व्हायचे तर कर्म लागते, म्हणजेच एक नाव लागते. ते नाव कोठून येते, ते कोण पुरवतो आणि ते पुरवण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे तसाच वाचनव्यवहाराचाही आहे.

कोरियन दिग्दर्शक ली छांग-दोंग यांचा 'बर्निंग' (२०१८) हा चित्रपट याच कान्याभोवती उभा आहे. ली हे मुळात कादंबरीकार. काही काळ त्यांनी अध्यापन केले, २००३-०४ मध्ये ते आपल्या देशाचे सांस्कृतिक मंत्रीही होते. चित्रपटाची कथा सांगायला सोपी आहे. जोंगसू हा साहित्याचे शिक्षण घेतलेला, लेखक होऊ पाहणारा आणि मिळेल ते काम करणारा शेतकऱ्याचा मुलगा आहे. बालपणी शेजारी राहिलेली हेमी त्याला सोलमध्ये भेटते आणि दोघे जवळ येतात. ती आफ्रिकेला जाते आणि परतताना बेन नावाच्या एका श्रीमंत तरुणाला सोबत घेऊन येते. बेन काय काम करतो ते कोणालाच कळत नाही; आपण खेळतो, एवढेच तो सांगतो. एका संध्याकाळी जोंगसूच्या गावी तो सहज कबूल करतो, की दर दोनेक महिन्यांनी एखादे टाकून दिलेले पॉलिहाऊस जाळण्याचा त्याला छंद आहे. त्यानंतर हेमी दिसेनाशी होते. जोंगसू शोध घेतो, त्याला काही खुणा सापडतात, त्यांवरून तो एक निष्कर्ष काढतो आणि अखेरीस बेनला भोसकून त्याच्या मोटारीसकट जाळतो. हेमीचे काय झाले ते प्रेक्षकाला शेवटपर्यंत समजत नाही.

२

या आगीची वंशावळ पाहण्यासारखी आहे. विल्यम फॉकनर यांची धान्याचे कोठार जाळणाऱ्या बापाची कथा १९३९ सालची. तिच्यातला ॲबनर स्नोप्स हा दुसऱ्याची जमीन कसणारा, गावोगाव हाकलला गेलेला माणूस. तो जमीनदारांची कोठारे पेटवतो. ही आग खालून वर जाते आणि तिला नाव, पत्ता, कारण सारे काही आहे. हारुकी मुराकामी यांनी १९८३ मध्ये जवळजवळ त्याच शीर्षकाची कथा लिहिली तेव्हा आगीची दिशा उलटली. तेथे जाळणारा सधन आहे, त्याला कोणावर राग नाही, गरज तर नाहीच. आग हा त्याचा विरंगुळा आहे आणि ती खरोखर लागते की नाही हेही ठरत नाही. ली यांनी मुराकामींची कथा घेतली, पण नायकाच्या तोंडी आवडता लेखक म्हणून फॉकनरचे नाव ठेवले. एवढ्या एका योजनेने दोन्ही आगी समोरासमोर आल्या : बेनची निष्कारण आग आणि जोंगसूची वारशाने आलेली आग.

वारसा हा शब्द येथे अक्षरशः घ्यायचा आहे. जोंगसूचा बाप सरकारी अधिकाऱ्यावर हात उगारल्यामुळे न्यायालयात उभा आहे आणि त्याला शिक्षा होते. आई घर सोडून गेली तेव्हा बापाच्या हुकुमावरून लहानग्या जोंगसूने तिचे कपडे जाळले होते. गोठ्यात उरलेले एकुलते एक जनावरही पुढे विकले जाते. गाव पाजू, उत्तर कोरियाच्या सीमेला लागून. पलीकडच्या ध्वनिक्षेपकांचा प्रचार अंगणात ऐकू येतो. अशा घरातल्या मुलासमोर बेन बसतो आणि जांभई देतो. त्या जांभईइतके वर्गभेदाचे नेमके चित्रण अलीकडच्या चित्रपटांत क्वचितच आढळेल. बेन जोंगसूचा अपमान करीत नाही. तो सौजन्याने वागतो, जेवू घालतो, त्याच्या लेखनाची चौकशी करतो. त्याच्या सौजन्यात बोट ठेवायला जागा नसते, आणि जोंगसूची कोंडी नेमकी येथे होते. अपमान झाला असता तर त्याला उत्तर देता आले असते.

ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात नोंदवले आहे, की असूया समानांमध्ये उपजते. वय, कुळ, धंदा यांत जो आपल्याजवळचा, त्याच्यावरच माणूस जळतो. आपल्याकडील 'भाऊबंदकी' हा शब्द याच निरीक्षणाचा देशी पुरावा आहे. रने जिरार यांनी १९६१ मध्ये कादंबरीच्या संदर्भात मांडलेला अनुकरणजन्य इच्छेचा सिद्धान्तही हेच सांगतो : ज्याच्या इच्छेची आपण नक्कल करतो तो जितका निकट, तितके वैर तीव्र. 'बर्निंग'मध्ये अंतर प्रचंड आहे आणि तरीही निकटता आहे. दोघे एकाच टेबलाशी बसतात, एकाच स्त्रीकडे पाहतात, एकाच वयाच्या आसपासचे आहेत. जुन्या व्यवस्थेत जोंगसूला बेनचा हेवा करण्याची मुभाच नव्हती. बड्यांविषयी भीती असायची, आदर असायचा, क्वचित संताप. हेवा करता येणे ही एका अर्थाने लोकशाहीची देणगी आहे. समानतेचे वचन मिळाले आणि समानता मिळाली नाही, या दोहोंमधल्या मोकळ्या जागेत हा चित्रपट घडतो.

३

कोरियातील या आगीचा अर्थ लावण्यासाठी वाशीम जिल्ह्यातल्या धनजचे साहाय्य होईल, असे प्रथमदर्शनी वाटणार नाही. पण या चित्रपटाशी दीर्घकाळ झगडलेला एक मराठीचा अध्यापक मूळचा धनजचा, आणि त्याचे वाचन त्या गावापासून वेगळे काढता येत नाही. कारंजा तालुक्यातील हा पट्टा कपाशीचा, तुरीचा आणि गेल्या काही दशकांपासून सोयाबीनचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी होते आणि हडंबा मिळेपर्यंत सोंगलेला माल शेतात सुडी लावून ताडपत्रीखाली ठेवतात. ते दिवस वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या काळजीचे. वर्षभराची कमाई उघड्यावर असते आणि तिला एक काडी पुरते. दरवर्षी त्या सुमारास वऱ्हाडातील वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर एक ठरावीक मजकुराची बातमी येते : अमुक शिवारात सोयाबीनची सुडी जळून खाक, अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल.

एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या भारतीय दंड संहितेतील कलम ४३५ अशा आगीसाठी होते. एरवी नुकसान शंभर रुपयांचे असल्याखेरीज ते कलम लागत नसे. शेतमालाच्या बाबतीत मात्र दहा रुपयांचे नुकसान पुरे होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली; पण शेतमालाची आग इतर आगींपेक्षा निराळी आहे हे जुन्या कायद्यालाही कळले होते, ही गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे.

या अध्यापकाच्या विद्यार्थिदशेत त्याच्या वडिलांची सुडी अशीच एका रात्री जळाली. गावाजवळ नाव तयार होते. धुऱ्यावरून चाललेला जुना वाद, चार दिवसांपूर्वीची बाचाबाची, रात्री उशिरा शिवारातून परतताना दिसलेला कोणी : खुणांची साखळी पुरी होती. तक्रार लिहून घेताना वडिलांना संशयिताचे नाव विचारले गेले. ते म्हणाले, "म्या आग पायली, मानूस नाई पायला." कागदावर अज्ञात इसम लागला. घरातल्या तरुणांना ते वडिलांचे भित्रेपण वाटले. गावात काहींनी त्याला शहाणपण म्हटले, कारण भाऊबंदांतच राहायचे होते. वडिलांनी स्वतः त्या वाक्याचे स्पष्टीकरण कधी दिले नाही. मात्र तक्रार त्यांनी मागेही घेतली नाही.

अनेक वर्षांनी 'बर्निंग' पाहताना या अध्यापकाला जोंगसूमध्ये स्वतःची ओळख पटली ती केवळ शेतकऱ्याचा मुलगा आणि साहित्याची पदवी एवढ्यापुरती नव्हे. त्यालाही एक बेन होता. विद्यापीठातला एक मित्र, पुण्यात वाढलेला, घरात ग्रंथांची कपाटे असलेला. ज्या संज्ञा धनजच्या विद्यार्थ्याला शब्दकोश उघडून शिकाव्या लागल्या त्या या मित्राच्या बोलण्यात जेवणाच्या पंगतीत ऐकल्यासारख्या सहज येत. या मित्राने त्याला पुस्तके दिली, त्याचे लेख वाचले, दुरुस्त्या सुचवल्या. त्याच्याविषयी तक्रार करावी असे काहीच नव्हते. आपल्या साहित्यव्यवहारात हा हेवा सर्वत्र आहे आणि त्याचा उच्चार जवळजवळ कोठेच नाही. तो 'भूमिका', 'मतभेद' किंवा 'निष्ठा' अशी भारदस्त नावे घेऊन वावरतो.

४

या दोघांचा चित्रपटावरून जो वाद झाला त्याला समीक्षेच्या दृष्टीने महत्त्व आहे. मित्राच्या मते 'बर्निंग'चे सारे सौंदर्य त्याच्या अनिर्णेयतेत आहे. जी खूण पुरावा म्हणून पुढे येते तिचा आधार चित्रपट लगेच काढून घेतो. बेनच्या स्नानगृहातल्या खणात हेमीच्यासारखे घड्याळ सापडते, पण ते घड्याळ सोडतीत बक्षीस म्हणून वाटलेले, म्हणजे एकमेव नसलेले. बेनकडचे मांजर हेमीच्या मांजराच्या नावाला ओ देते, पण हेमीचे मांजर कोणी पाहिलेलेच नव्हते. लहानपणी हेमी ज्या विहिरीत पडली होती ती तिच्या घरच्यांच्या मते कधी नव्हतीच. वर्षांनी भेटलेली जोंगसूची आई म्हणते, होती. आरंभीच हेमी नसलेले संत्रे सोलून खाण्याचा मूकाभिनय करते आणि त्याचे मर्म सांगते : संत्रे आहे असे मानायचे नाही, ते नाही हे विसरायचे. शेवटाकडे जोंगसू हेमीच्या रिकाम्या खोलीत बसून लिहिताना दिसतो आणि त्यानंतरचा खून ही कदाचित त्याची कादंबरीच असेल. अशा संहितेत बेनला खुनी ठरवणे म्हणजे जोंगसूच्याच आततायी वाचनाची पुनरावृत्ती करणे होय, असा मित्राचा युक्तिवाद होता. विल्यम एम्पसनने १९३० मध्ये संदिग्धतेचे सात प्रकार मांडल्यापासून आधुनिक समीक्षेने जी वाट धरली तिच्याशी तो सुसंगतही होता.

धनजच्या अध्यापकाची हरकत वेगळ्या ठिकाणी होती. अनिर्णेयता कोणाला परवडते, असे त्याचे विचारणे होते. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो हे न्यायतत्त्व उदात्तच आहे. पण व्यवहारात तो फायदा बहुधा कोणाच्या पदरी पडतो हे जोंगसूच्या बापाच्या खटल्यावरून दिसते. तेथे कसलीही अनिर्णेयता नाही. गरिबाचा गुन्हा स्पष्ट असतो, त्याला तारीख आणि कलम असते. श्रीमंताचा गुन्हा रूपक होऊन जातो. या हरकतीच्या समर्थनार्थ त्याने मराठीतले उदाहरण घेतले : विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला आणि १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत दाखवला गेलेला 'सामना'.

'सामना'तही एक माणूस दिसेनासा झालेला आहे. तेथेही एक निष्कांचन आणि एक बलवान समोरासमोर येतात. बलवान निष्कांचनाला आश्रय देतो, पाहुणचार करतो. श्रीराम लागूंचा मास्तर आणि निळू फुल्यांचा हिंदुराव यांच्यातला सौजन्याचा खेळ जोंगसू आणि बेन यांच्यातल्या खेळाशी समांतर चालतो. पण मास्तर हिंदुरावावर जळत नाही. तो मारुती कांबळेचे काय झाले एवढेच विचारत राहतो, प्रथम खासगीत आणि मग चारचौघांत, आणि तो प्रश्न उत्तरापर्यंत पोचतो. हे शक्य झाले याचे एक कारण तेंडुलकरांच्या नीतिदृष्टीत आहे, दुसरे त्या काळच्या सत्तेच्या स्वरूपात. हिंदुरावाची सत्ता गावात राहते. साखर कारखाना कोठे आहे, ऊस कोणाचा, माणसे कोणाची हे सर्वांना ठाऊक आहे. बेनच्या संपत्तीला असा उगम दाखवता येत नाही. कारंजा तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग जातो; नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. कुंपणाआडून मोटारी भरधाव जातात. त्यांत कोण बसले आहे आणि ते कशावर जगतात, हे रस्त्यालगतच्या शिवारात उभ्या असलेल्या माणसाने कोणाला विचारावे? हिंदुरावाला निदान घरी जाऊन भेटता येत होते.

५

हा वाद येथेच थांबला असता तर तो दोन पुरुषांनी दोन पुरुषांविषयी घातलेला वाद ठरला असता. पदव्युत्तर वर्गात अध्यापकाने तो विद्यार्थ्यांपुढे मांडला तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हेमी हरवल्याची नोंद कोणी केली?" चित्रपटात तशी नोंद कोणीच करत नाही. जोंगसू दिवसचे दिवस धावत आसपासची पॉलिहाऊस तपासतो. कोणते जळाले, कोणते शाबूत आहे याचा हिशेब ठेवतो. बेनच्या मोटारीचा पाठलाग करतो. हेमीच्या घरी, तिच्या कामाच्या ठिकाणी चौकशी करतो. पण एक मुलगी बेपत्ता आहे असे तो पोलीस ठाण्यात जाऊन सांगत नाही. विद्यार्थिनीचे पुढचे म्हणणे असे : आमच्याकडे मुलगी दिसेनाशी झाली की 'गेली' म्हणतात. पळून गेली, कामाला गेली, मरून गेली, सगळ्याला तोच शब्द. आणि एकदा 'गेली' म्हटले की पुढे कोणी विचारत नाही.

या एका क्रियापदाने चित्रपटाची गूढता उलगडत नाही, पण ती कोठून आली ते दाखवते. हेमी गूढ होते, कारण तिच्यामागे विचारणारे कोणी नाही. घरच्यांना तिच्या कर्जाचा वैताग आहे, मैत्रिणींना सवड नाही, आणि जोंगसूने तिला उद्देशून काढलेले अखेरचे शब्द अपमानाचे आहेत : मावळतीच्या उजेडात तिने उघड्या अंगाने केलेल्या नृत्यावर त्याने तिला वेश्यांचे उदाहरण दिले होते. तिच्या नाहीसे होण्याचा आरंभ त्या क्षणी झाला, हे विद्यार्थिनीचे वाचन या विषयावर पुष्कळ विचार केलेल्या दोन्ही मित्रांच्या वाचनाहून अधिक जवळून केलेले आहे. त्रिकोणाचा सिद्धान्त येथे अपुरा पडतो. त्यात स्त्री हे इच्छेचे स्थान असते. तिच्या नसण्याची नोंद ठेवण्याची सोय त्यात नसते.

या प्रकाशात वडिलांच्या त्या वाक्याकडे पुन्हा पाहता येते. 'आग पाहिली, माणूस पाहिला नाही' हे विधान अनिर्णेयतेचे नाही. मित्राच्या अनिर्णेयतेत कोरी जागा हाच अर्थ ठरतो आणि चौकशी संपते. जोंगसू ती जागा एका नावाने भरतो आणि चौकशी त्यानेही संपते. तक्रारीतला 'अज्ञात इसम' मात्र ही जागा कोरी ठेवतो आणि ती भरली जाण्याची मागणीही कायम ठेवतो. पाहिले तेवढेच सांगायचे, न पाहिलेले सांगायचे नाही, पण जळाले आहे हे नोंदवल्याशिवाय उठायचे नाही. त्यात भीती होतीच, भाऊबंदांत राहण्याची निकडही होती. वर्तनामागचे हेतू शुद्ध नसले म्हणून त्या वर्तनातून निघणारा वाचनाचा धडा कमी मोलाचा ठरत नाही. सुडीच्या वाट्याला निदान एक पंचनामा आला. हेमीच्या वाट्याला तोही आला नाही, आणि समीक्षेने तिला 'अनुपस्थितीचे चिन्ह' म्हणून गौरवले तर तो येणारही नाही.

अकर्मक आणि सकर्मक यांमधल्या कान्याचा प्रश्न येथे अधिक स्पष्ट होतो. जोंगसू जळतो यात त्याचा दोष नाही. ज्या व्यवस्थेने त्याला बेनच्या टेबलाशी बसवले आणि उठताना रिकाम्या हाताने पाठवले, तिच्याविषयीचे ज्ञान त्याच्या जळण्यात आहे. ते ज्ञान प्रश्नाचे रूप घेऊ शकले असते. 'सामना'च्या मास्तराजवळ स्वातंत्र्यलढ्यातून आलेली प्रश्नाची भाषा होती. जोंगसूच्या पिढीला ती वारशात मिळाली नाही, तिला बापाचा राग आणि सुरे मिळाले. म्हणून तो जाळतो. बर्फाळ माळावर मोटार पेटते, तो अंगावरचे रक्ताळलेले कपडे त्याच आगीत टाकतो आणि उघड्या अंगाने कुडकुडत आपल्या जुन्या ट्रकमधून निघून जातो. पुष्कळ प्रेक्षकांना या दृश्यात न्याय दिसला, काहींना केवळ सूड. दोन्ही अर्थांत एक साधी गोष्ट निसटते. हिंदुराव अखेरपर्यंत जिवंत होता, म्हणून त्याला बोलावे लागले. हेमीचे काय झाले हे कोणाला ठाऊक असलेच, तर ते एकट्या बेनला ठाऊक होते. आणि मोटारीबरोबर जळाला तो एवढा एकच माणूस, ज्याला ते विचारता आले असते.